सिरिंजमध्ये काय होतं?
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संयोजकांनी प्रत्येकाला दहा मिनिटं दिली आहेत आणि 'आपल्या कामाबद्दल बोला' असं सांगितलंय. माझं काम म्हणजे बँकांसाठी सॉफ्टवेअर लिहिणं. त्यावर बोलले तर मागच्या बाकावरचे लोक दहावीत झोपायचे तसेच आजही झोपतील. म्हणून मी दुसऱ्याच विषयावर बोलणार आहे. त्याला कारण आपला व्हॉट्सॲप ग्रुप.

दिवाळीनंतर कुणीतरी ग्रुपवर एक जाहिरात टाकली. मूळ पेशी आणि जेल यांचं एक इंजेक्शन घ्या, गुडघ्याची झिजलेली कूर्चा पुन्हा तयार होईल, अशी. तासाभरात चौघांनी नंबर मागितला. कुणाला आईसाठी, कुणाला सासऱ्यांसाठी, एकाला स्वतःसाठी. मी काहीतरी टाइप केलं आणि पुसून टाकलं. ते आज पूर्ण करते.

दोन वर्षांपूर्वी आईच्या गुडघ्यांसाठी आम्ही अशाच एका ठिकाणी गेलो होतो. "जेल भरू, गादी परत तयार होईल," असं सांगण्यात आलं. आम्ही पैसे भरले. काही महिने तिला बरं वाटलं, मग दुखणं होतं तिथेच आलं. चिडून मी फाईल उघडली. आत इंजेक्शनच्या खोक्यावरचं स्टिकर चिकटवलेलं होतं: सोडियम हायलुरोनेट. हे खोटं औषध नव्हे. आपल्या सांध्यातल्या नैसर्गिक वंगणातही हाच पदार्थ असतो. पण ते वंगणच. बिजागरीत तेल घातलं की कुरकुर थांबते, झिजलेलं लोखंड काही वाढत नाही. आणि २०२२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये बऱ्याच चाचण्यांचा एकत्रित आढावा आला, त्यात तर वेदनेतला फरकसुद्धा रुग्णाला जाणवावा एवढा निघाला नाही.

दुसऱ्याच्या कोडमधला चुकलेला स्वल्पविराम शोधण्याचा मला पगार मिळतो. आईच्या गुडघ्यात काय टोचताहेत, हे मात्र मी विचारलं नव्हतं. ग्रुपवर लिहिलेलं पुसलं ते याच लाजेनं.

मग वाचत बसले. आणि वाचताना आपल्या जीवशास्त्राच्या बाई आठवल्या, त्यांचा फळा आठवला. जखम झाली की रक्त गोठतं, फायब्रिनचं जाळं तयार होतं, हे त्यांनी शिकवलेलं. ते जाळं केवळ रक्त अडवत नाही. आजूबाजूच्या पेशी त्याच्यावर चढतात, तिथे नवी ऊती विणतात आणि काम झालं की जाळं विरघळून जातं. इमारतीला बांबूची परांची बांधतात ना, अगदी तसं. परांची म्हणजे इमारत नव्हे, पण तिच्याशिवाय गवंडी वर चढणार कसा?

कूर्चेचं दुर्दैव असं, की तिच्यात रक्तवाहिन्याच नाहीत. रक्त नाही म्हणून गाठ नाही, गाठ नाही म्हणून परांची नाही. कूर्चा एकदा गेली की परत येत नाही, हे लंडनच्या विल्यम हंटरने १७४३ सालीच लिहून ठेवलं होतं. आजचे शल्यविशारद त्यावर एक उपाय करतात. कूर्चा गेली असेल तिथल्या हाडाला बारीक भोकं पाडतात. मग आतलं रक्त आणि मज्जेतल्या पेशी वर येतात आणि गाठ तयार होते. पण ती गाठ आक्रसते, सुटते. आणि तिच्यातून येते ती मूळच्यापेक्षा हलक्या प्रतीची कूर्चा.

इथे खरी जेलची परांची येते. मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणारं कायटोसान घेतलं, ते ग्लिसरोफॉस्फेटच्या द्रावणात मिसळलं. हे मिश्रण गार असताना पातळ राहतं आणि शरीराच्या उष्णतेला घट्ट होतं. चायना ग्रास थंड झाल्यावर धरतं, हे खरवसासारखं उष्णतेनं धरतं म्हणा. ते रुग्णाच्याच रक्तात कालवून त्या भोकांवर सोडायचं, म्हणजे गाठ आक्रसत नाही. ऐंशी रुग्णांवर चाचणी झाली. वर्षभरानंतर एमआरआयमध्ये खड्डा जास्त चांगला भरलेला दिसला. पण दुखणं आणि हालचाल? त्यात नुसती भोकं पाडलेल्यांच्या तुलनेत फरक नव्हता. शिवाय ही सगळी तुलनेने तरुण माणसं, एकाच ठिकाणी इजा झालेली. माझ्या पंचाहत्तरीच्या आईचा सगळा गुडघा झिजलेला. ती या चाचणीच्या दारातही उभी राहिली नसती.

मला सगळ्यात आवडलं ते हृदयाचं काम. कॅलिफोर्नियात सॅन दिएगोच्या विद्यापीठात कॅरेन क्रिस्टमन यांच्या गटाने डुकराच्या हृदयाचा स्नायू घेतला, डिटर्जंटने धुऊन त्यातल्या सगळ्या पेशी काढून टाकल्या, उरलेला सांगाडा वाळवून दळला आणि पेप्सिनने, म्हणजे आपल्या जठरातल्याच विकराने, पातळ केला. हे द्रव कॅथेटरमधून हृदयाच्या आजारी भिंतीत टोचतात. तिथे ते घट्ट होतं. अट बघा: नळीत गोठता कामा नये, हृदयात गोठलंच पाहिजे, आणि पेशी येईपर्यंत टिकून मग नाहीसं झालं पाहिजे. अशी स्पेसिफिकेशन माझ्या टेबलावर आली असती तर मी ग्राहकाला परत पाठवली असती! माणसांवरची त्यांची पहिली चाचणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. रुग्ण किती? पंधरा. ती सुरक्षितता तपासण्यासाठी होती. हृदय सुधारतं असा दावा त्यावरून करता येत नाही, हे त्यांनी स्वतःच स्पष्ट केलं. जाहिरातवाले इतके घाबरत नाहीत.

मूळ पेशींचंही सांगते. आपल्याकडे २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत. रक्ताच्या वगैरे ठराविक आजारांसाठी होणारं प्रत्यारोपण सोडलं, तर बाकी सगळं अजून चाचणीच्या पातळीवर धरलं जातं. चाचणीची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असावी लागते, ती कुणालाही घरबसल्या शोधता येते. आणि त्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. म्हणजे कुणी 'हे नवं संशोधन आहे' म्हणत असेल आणि त्याच दमात लाखभर मागत असेल, तर त्यातलं एक काहीतरी खोटं आहे.

आईचं विचाराल तर ती रोज खुर्चीत बसून पायाला वाळूची पिशवी बांधून व्यायाम करते आणि मला शिव्या देते. पुढच्या महिन्यात एका गुडघ्याची सांधेबदल शस्त्रक्रिया आहे. ती लांबवत राहिलो, त्यात 'गादी परत येईल' या आशेची दोन वर्षं गेली.

ज्या चौघांनी नंबर मागितला होता, ते सगळे इथे आलेत, मी मघाशीच पाहिलं. नावं घेत नाही. इंजेक्शन घेऊन झालं असेल तर फाईलचा फोटो असेलच मोबाइलमध्ये. जेवणं झाली की प्रयोगशाळेच्या पायऱ्यांवर बसू आणि स्टिकर वाचू. बाई, तुम्हीही या, चष्मा घेऊन.