लोहाऱ्याचं लोखंड, वरोऱ्याचा कोळसा



जुन्या चांदा, म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यात लोहारा नावाचं एक ठिकाण आहे. तिथल्या टेकडीत लोखंड आहे हे सांगायला कुणी तज्ज्ञ यावा लागला नाही, नावच ते सांगत होतं. तरीही १८८२ साली रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन भूगर्भतज्ज्ञाचा अहवाल आला आणि त्यात ते छापून निघालं. चांद्याचं लोखंड चांगलं, आणि जवळच वरोऱ्याला कोळसाही आहे. हा अहवाल जमशेटजी टाटांनी वाचला. नागपूरची त्यांची एम्प्रेस मिल सुरू होऊन तेव्हा पाचच वर्षं झाली होती. हिंदुस्थानात पोलादाचा मोठा कारखाना काढायचा विचार त्यांच्या मनात रुजला तो चांद्याच्या या लोखंडावरून.

मग पोलादाचं शहर चांद्याला का वसलं नाही? चंद्रपूरच्या रस्त्याने जाताना हा प्रश्न मला नेहमी पडत आला. त्याचं उत्तर लोखंडात नाही, कोळशात आहे.

झोतभट्टीत लोखंडाचा दगड, चुनखडी आणि कोक यांचे थर वरून टाकतात आणि खालून तापलेली हवा सोडतात. कोकने जळून उष्णता द्यायची, दगडातला ऑक्सिजन काढून घ्यायचा, आणि हे करताना डोक्यावरचा सगळा भार पेलून उभंही राहायचं, नाहीतर हवेची वाट बुजते. असा कोक प्रत्येक कोळशापासून होत नाही. हवा न लागू देता भाजल्यावर जो कोळसा मऊ होतो, फुगतो आणि पुन्हा घट्ट होऊन ढेपेसारखा बसतो, तोच उपयोगी. जमशेटजींनी वरोऱ्याच्या कोळशाचे नमुने जर्मनीत तपासून घेतले. तो कोळसा या कामाचा नाही, असा निकाल आला. खाणींसाठीच्या सरकारी अटीही जाचक होत्या. विचार बाजूला पडला, तो जवळजवळ वीस वर्षं.

व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनच्या काळात अटी सैल झाल्या, तेव्हा टाटांनी अमेरिकेतून सी. एम. वेल्ड या भूगर्भतज्ज्ञाला बोलावलं. जमशेटजींचे पुत्र दोराबजी टाटा आणि वेल्ड बैलगाडीतून चांद्याची रानं फिरले. पाण्याची टंचाई, वाघांचं भय. खनिज मिळालं, पण विखुरलेलं. मोठ्या कारखान्याला पिढ्यान्‌पिढ्या पुरेल असं नव्हे.

यानंतरची गोष्ट नागपूरकरांनी तरी विसरू नये. शोध थांबवतोय हे सांगायला दोराबजी नागपूरच्या सचिवालयात गेले. ज्यांना भेटायचं ते साहेब जागेवर नव्हते. वेळ काढायला दोराबजी समोरच्या संग्रहालयात शिरले, आपण ज्याला अजबबंगला म्हणतो तिथे. भिंतीवर मध्य प्रांताचा भूगर्भीय नकाशा होता आणि त्यात दुर्गच्या बाजूला गडद रंग भरलेला होता. गडद रंग म्हणजे लोखंड. ती जागा होती दल्ली-राजहरा. तिथे लोखंड इतकं शुद्ध आणि इतकं एकसंध निघालं, की पायाखालचा दगड धातूसारखा वाजे. पण तिथेही अडचण कोळशाचीच. कामाचा कोळसा दूर, पाणी अपुरं.

दल्ली-राजहऱ्याची पाहणी आधी भूगर्भतज्ज्ञ प्रमथनाथ बोस यांनी सरकारी नोकरीत असताना केली होती. निवृत्तीनंतर ते मयूरभंज संस्थानात गेले, आणि २४ फेब्रुवारी १९०४ ला त्यांनी जमशेटजींना पत्र लिहिलं: गोरूमहिसानीच्या डोंगरात लोखंड आहे, आणि झरियाचा कोळसाही जवळ आहे. जमशेटजी त्याच वर्षी मे महिन्यात वारले. मुलांनी काम पुढे नेलं. एका बाजूला गोरूमहिसानी, दुसऱ्या बाजूला झरिया, आणि मध्ये सुवर्णरेखा व खरकाई या नद्यांचा संगम. त्या संगमाजवळ साकची नावाचं गाव होतं. १९१२ साली तिथे पहिलं पोलाद ओतलं गेलं, आणि १९१९ मध्ये त्या गावाचं नाव जमशेदपूर झालं.

दल्ली-राजहऱ्याचं नशीब १९५५ नंतर उघडलं. सोव्हिएत रशियाशी करार झाला, भिलाईचा कारखाना आला, आणि कोळसा लांबून आणायची तयारी सरकारने ठेवली. डोंगर बदलला नव्हता, रेल्वे आणि सरकारचा इरादा बदलला होता. तिथल्या खाणकामगारांनी कामगारनेते शंकर गुहा नियोगींच्या सोबतीने संघटना बांधली आणि १९८३ मध्ये स्वतःच्या कष्टाच्या पैशातून शहीद हॉस्पिटल उभं केलं. पोलादाच्या इतिहासात टनांचे आकडे पुष्कळ येतात. माझ्या लेखी हे हॉस्पिटल त्या आकड्यांइतकंच मोठं आहे.

आणि चांदा? जो कोळसा लोखंडाला नको होता, तो बॉयलरला चालत होता. त्यामुळे इथे खाणी वाढल्या, पुढे औष्णिक वीजकेंद्र आलं, आज त्याची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. चुनखडी होती म्हणून सिमेंट, बांबू होता म्हणून बल्लारपूरचा कागद. मुंबई-पुण्यात आपण दिव्याचं बटण दाबतो, तेव्हा हा कोळसा चंद्रपुरात जळत असतो. त्याची राख आणि त्याचा उन्हाळा मात्र चंद्रपूरकरांच्या वाट्याला येतो. याची जाणीव बाकीच्या महाराष्ट्राला असायला हवी तेवढी नाही, असं मला मनापासून वाटतं.

आता गोष्ट पुन्हा लोखंडाकडे वळते. दगडातला ऑक्सिजन काढून लोखंड करायची दुसरी रीत आता रूढ झाली आहे, तिला स्पंज आयर्न म्हणतात. आडव्या फिरत्या भट्टीत खनिज आणि कोळसा एकत्र तापवतात. डोक्यावर भार नाही, त्यामुळे कोकची गरज नाही, साधा दगडी कोळसा चालतो. म्हणजे जमशेटजींच्या काळी ज्या जातीचा कोळसा नापास झाला, तीच जात आज लोखंडासाठी चालते. गडचिरोली हा १९८२ पर्यंत चांद्याचाच भाग. तिथे एटापल्ली तालुक्यात लोखंडाच्या दगडाचा सुरजागडचा डोंगर आहे. त्याची किंमत आज अशी वाढली आहे.

पण तो डोंगर रिकामा कधीच नव्हता. माडिया गोंडांचा ठाकूरदेव तिथे आहे, जानेवारीत त्याची यात्रा भरते. मोहफूल, तेंदू, बांबू यांवर आजूबाजूच्या गावांचं वर्ष निघतं. आष्टी-आलापल्लीच्या रस्त्यावर खनिजाचे ट्रक धावू लागले, तेव्हापासून धूळ, फुटलेले रस्ते आणि अपघात यांच्या तक्रारी लोक सतत करत आले आहेत. त्याच जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा आहे. त्या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ मध्ये त्याने आपला बांबू आपल्याच परवान्यावर विकला. बांबू तोडला तर पुन्हा येतो. सुरजागडचा दगड एकदा गेला की गेलाच. म्हणून त्याचा मोबदला ठरवताना गावाचा आवाज आधी ऐकला पाहिजे, नंतर नव्हे.

गडचिरोलीत ऐकणाऱ्या श्रोत्यांना एक गोष्ट मुद्दाम सांगतो. २०१५ च्या कायद्याने प्रत्येक खाणबाधित जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. त्या वर्षाच्या जानेवारीआधी पट्टा मिळालेल्या खाणीने रॉयल्टीखेरीज तिच्या ३० टक्के इतकी रक्कम तिथे भरायची असते. हा पैसा पिण्याचं पाणी, दवाखाना, शाळा यांसाठी आहे. राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात तो कशावर खर्च करायचा, त्या आराखड्याला ग्रामसभेची मंजुरी लागते. पुढच्या ग्रामसभेत तो आराखडा मागा आणि मोठ्याने वाचून घ्या.