डुकरांचा आफ्रिकन ताप

आज बोलूया आफ्रिकन स्वाइन फीवरविषयी.

या रोगाचं पहिलं वर्णन 1921 साली केनियातून आलं. तिथल्या वॉर्टहॉग नावाच्या रानडुकरांच्या बिळात मऊ पाठीची गोचीड राहते. ती पिलांना चावते अन् विषाणू सोडते. गंमत अशी, की वॉर्टहॉगला काहीच होत नाही. पण तोच विषाणू पाळीव डुकरात शिरला, की कळपच्या कळप मरतो. आपल्याकडच्या रानडुकरालाही तो मारतो.

भारतात हा रोग 2020 मध्ये आसाम आणि अरुणाचल प्रदेशात आढळला. एकदा पाळीव डुकरांत शिरला, की पसरायला त्याला गोचीड लागलीच पाहिजे असं नाही. आजारी डुकराचं रक्त, लाळ, कच्चं मांस, खरकटं, गाडीची चाकं, बूट, एवढं पुरतं. जोराचा ताप, खाणं बंद, कान-पोटावर लालसर-जांभळे डाग, अन् काही दिवसांत मृत्यू. यावर औषध नाही. माणसाला मात्र हा रोग होत नाही.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या डुक्करपालकांनी हॉटेलचं खरकटं नीट उकळूनच घालावं. वाड्याला असं कुंपण करावं, की उसातलं रानडुक्कर आत शिरणार नाही. नवीन जनावर काही आठवडे वेगळं बांधावं. मेलेलं डुक्कर, पाळीव असो वा रानातलं, ओढ्यात टाकू नका, कापू नका. लगेच जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा 1962 या क्रमांकावर कळवा. लपवलेला एक मृत्यू अख्ख्या गावाला महाग पडतो.