छापील मोटार : मालकी कोणाची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



सप्टेंबर २०१४ मध्ये शिकागो येथील यंत्रसामग्रीच्या प्रदर्शनात लोकल मोटर्स या अमेरिकन कंपनीने प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत विजेवर चालणारी एक छोटी, दोन आसनांची मोटार घडविली. कार्बनचे तंतू मिसळलेले प्लॅस्टिक वितळवून, थरावर थर चढवीत, एका अजस्र यंत्राने तिचा सांगाडा सुमारे ४४ तासांत ‘छापला’. इटालियन भाषेत थरांना ‘स्ट्राती’ म्हणतात. तेच तिचे नाव. एरवी मोटारीत हजारो सुटे भाग असतात. हिच्यात पन्नासाहूनही कमी होते.

या प्रयोगावर मोठ्या आशा उभारल्या गेल्या. अवाढव्य कारखाने जातील, शहरोशहरी लहान कारखाने उभे राहतील आणि तिथल्या गरजेप्रमाणे तिथेच गाड्या तयार होतील, असे कंपनी सांगत होती. विकेंद्रित उत्पादनाचा आग्रह धरणाऱ्यांना हे चित्र मोहविणारे आहे. म्हणूनच ते नीट तपासले पाहिजे.

प्रथम खर्चाचा हिशेब. मोटारीचा पत्रा दाबून घडविण्यासाठी जे साचे, ज्या डाय लागतात, त्यांवर आरंभीच प्रचंड रक्कम गुंतवावी लागते. ती लाखो गाड्यांवर विभागली गेली तरच परवडते. मोटारधंदा मूठभर भांडवलदारांच्या हाती एकवटण्याचे हे एक प्रमुख कारण आहे. छपाईला साचा लागत नाही. पहिल्या नगाला येईल तेवढाच खर्च हजाराव्या नगाला येतो. त्यामुळे शे-दोनशे गाड्या काढणाऱ्या लहान उत्पादकालाही दार उघडते. मात्र याच गुणात तिची मर्यादा आहे. प्रेसवर पत्र्याचा भाग काही क्षणांत निघतो. छपाईला तास लागतात. नगांची संख्या वाढली की साचाच स्वस्त ठरतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. स्ट्रातीचा सांगाडा छापला गेला. पण तिची मोटर, बॅटरी आणि चाकांमागील यंत्रणा रेनॉ या बड्या फ्रेंच कंपनीच्या ट्विझी नावाच्या छोट्या गाडीतून घेतलेली होती. जे छापता येते ते विजेच्या गाडीतले तुलनेने स्वस्त अंग. खरे मोल आहे बॅटरीत. आज जगातील लिथियम-आयन बॅटऱ्यांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक चीनमध्ये तयार होतात. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ मृदा धातूंच्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा भारतातील मोटार-उत्पादकही हवालदिल झाले. सांगाडा गल्लीत तयार झाला, तरी गाडीचे प्राण दूर कोणाच्या तरी मुठीत राहतात.

तिसरा प्रश्न ज्ञानाच्या मालकीचा. प्लॅस्टिक वितळवून थर रचण्याच्या पद्धतीच्या पेटंटसाठी अमेरिकेत स्कॉट क्रंप यांनी १९८९ मध्ये अर्ज केला. त्या पेटंटची मुदत २००९ मध्ये संपली. इंग्लंडमध्ये बाथ विद्यापीठाच्या एड्रियन बॉयर यांनी २००५ मध्येच रेपरॅप हा प्रकल्प सुरू करून अशा यंत्राचे आराखडे सर्वांना खुले केले होते. पेटंटची भिंत पडताच छोटी छपाई-यंत्रे झपाट्याने स्वस्त झाली. वीस वर्षे यंत्र महाग ठेवण्यात कायद्याचा वाटा किती मोठा होता, हे यावरून दिसते.

आणि कामगार? भाग कमी झाले म्हणजे ते भाग घडविणारे हातही कमी झाले. भोसरीसारख्या वसाहतीत साच्याचे काम करणाऱ्या कारागिराने आयुष्यभर कमावलेले कसब उद्या निरुपयोगी ठरायचे असेल, तर नव्या यंत्रावर पहिला हक्क त्याचा, हे आजच ठरले पाहिजे.

१९२४ साली एका संभाषणात गांधीजींनी शिवणयंत्राला आपल्या यंत्रविरोधातून वगळले होते. मग ती यंत्रे घडवायला मोठा कारखाना लागणारच, असा प्रतिप्रश्न आला. तेव्हा असे कारखाने राष्ट्राच्या मालकीचे किंवा सरकारी नियंत्रणाखाली असावेत, असे त्यांनी निःसंदिग्धपणे सांगितले. छपाई-यंत्र हे आजचे शिवणयंत्र आहे. ते घराघरात आले तरी बॅटरीचा कारखाना मोठाच राहणार. तो कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न शंभर वर्षांनंतरही कायम आहे.

स्ट्राती बाजारात कधीच आली नाही. जानेवारी २०२२ मध्ये लोकल मोटर्सचा कारभारच बंद पडला. त्यावरून तंत्र खोटे ठरत नाही. महापालिकेची कार्यशाळा, एस.टी.चे आगार, कारागिरांची सहकारी संस्था यांच्या हाती ते आले, तर दुरुस्तीचे भाग जागच्या जागी तयार होतील, अपंगांसाठी सोयीची वाहने घडतील. मात्र त्यासाठी आराखडे खुले हवेत आणि बॅटरीचे उत्पादन सार्वजनिक क्षेत्रात हवे. विकेंद्रीकरण यंत्राबरोबर खोक्यातून येत नाही. ते मालकीच्या प्रश्नावर झगडूनच मिळवावे लागते.