मेल पाठवण्याआधी यादी तपासा

व्यापारी प्रदर्शनात जमवलेली जुनी यादी काढायची आणि सगळ्यांना नव्या मालाचा ई-मेल धाडायचा, असा अनेक छोट्या उद्योजकांचा बेत असतो. तोवर कुणी नोकरी बदललेली असते, एखादी कंपनी बंद पडलेली असते, कुठे घाईत लिहून घेताना ‘जीमेल’च्या स्पेलिंगमधली अक्षरे उलटसुलट झालेली असतात.

अशा पत्त्यावर धाडलेला मेल परत येतो. त्यातला ५५० हा आकडा बहुधा सांगतो, की अशी पेटीच नाही. ४५० असेल तर अडचण तात्पुरती असते. तो पत्ता लगेच खोडू नये.

पडताळणीची साधने आधी पत्त्याची मांडणी पाहतात, मग त्या डोमेनला मेल घेणारा सर्व्हर आहे का ते. शेवटी त्या सर्व्हरला ‘ही पेटी आहे का?’ एवढेच विचारून, मजकूर न पाठवता संपर्क तोडतात. मात्र काही कंपन्यांचे सर्व्हर कोणत्याही नावाला होकार देतात. तिथे सरळ फोन करावा.

सर्वांत घातक असतात सापळ्याचे पत्ते. स्पॅम रोखणाऱ्या संस्था ते मुद्दाम पेरून ठेवतात. तिथे मेल गेला, की यादी परवानगीने जमवलेली नाही हे उघड होते. म्हणून विकतची यादी कितीही स्वस्त मिळो, घेऊच नये.

फेब्रुवारी २०२४पासून जीमेलवर रोज ५,०००हून अधिक मेल पाठवणाऱ्यांना गूगलचे कडक नियम लागू आहेत. स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या आत हव्यात. म्हणजे इनबॉक्सात पोहोचलेल्या १,००० मेलमागे तिघांनी तक्रार केली, तरी मर्यादा गाठली जाते.