कलमाचे वय आणि फळाची मुदत
(रेडिओवरील भाषण)



भिवंडीजवळच्या पूर्णा गावात, जेथे एके काळी भाताची खाचरे होती तेथे, आज गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. तरीही मागीलदारी जी काही मोकळी जमीन उरते तीत झाड लावण्याची हौस माणसाला सुटत नाही, आणि या हौसेला अलीकडे सफरचंदाचाही मोह पडू लागला आहे. रोप घेणारा प्रश्न एकच विचारतो, याला फळ कधी धरेल? ‘तिसऱ्या वर्षी’ हे विकणाऱ्याचे ठरलेले उत्तर. ते अगदीच खोटे नसले तरी त्यातील निम्म्या अटी त्याने सांगितलेल्या नसतात.

बी रुजवून वाढवलेले सफरचंदाचे झाड सहा ते दहा वर्षे केवळ पाने आणि फांद्याच वाढवीत राहते. ही त्याची कौमारावस्था. तीत कितीही खत घातले तरी पुष्पधारणा होत नाही. कलमाचे मात्र निराळे असते. इंग्लंडातील ईस्ट मॉलिंग येथील संशोधन केंद्राने निवडलेल्या खुंटांपैकी ‘मॉलिंग ९’ या बुटक्या खुंटावर बांधलेले कलम दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच फुलू लागते, आणि तीच जात बियांच्या दणकट खुंटावर चढवली तर त्याच फुलासाठी आणखी कित्येक वर्षे थांबावे लागते. वर्षांचा हिशेब पुरा झाला तरी थंडीची बाकी उरतेच. हिमाचलातील जुन्या जातींना सात अंशांखालील सुमारे १,००० तासांचा गारवा मिळाल्याखेरीज त्यांच्या कळ्या नीट उघडत नाहीत, आणि आमच्या खाडीकाठच्या हवेत असा गारवा मागणे म्हणजे उन्हाळ्यात कामवारी नदीला पूर मागण्यासारखे आहे. बिलासपूर जिल्ह्यातील हरिमन शर्मा यांनी एचआरएमएन-९९ ही अल्प थंडीवर फुलणारी जात पुढे आणली, त्याबद्दल २०२५ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, आणि महाराष्ट्रातही काही बागायतदारांनी ती लावली आहे. कौतुक म्हणून एखादे झाड कोणी लावावे. पण दारात एकाच झाडापुरती जागा असेल तर ती मी आंब्यालाच देईन.

कारण हा फळाच्या मुदतीचा प्रश्न आमच्या मातीत आंब्यानेच पुरता उलगडून दाखवला आहे. कोय पुरून उगवलेला रायवळ आठ-दहा वर्षे, क्वचित त्याहूनही अधिक काळ, मोहराचे नाव घेत नाही. उलट कोयीच्या कोवळ्या रोपावर हापूसची काडी बांधलेले गुडघाभर उंचीचे कलम कधी कधी लावल्याच्या पहिल्याच हिवाळ्यात मोहरते. याचे नवल वाटण्याचे कारण नाही. ती काडी फळत्या, वयस्क झाडाची असते; स्थलांतर झाले तरी तिचे प्रौढत्व तिच्याबरोबरच येते. कोवळी असतात ती खालची मुळे. म्हणून लागवडीच्या तारखेवरून कलमाचे वय मोजणे हा हिशेब मुळातच एकांगी आहे.

आणि म्हणूनच तो पहिला मोहर काढून टाकावा लागतो. वीतभर लांबीचा, तांबूस देठाचा तो तुरा पाहून घरातील वडीलधारी माणसे हळहळतात, पण निदान पहिली तीन वर्षे तो निर्दयपणे खुडावा. अंगठ्याएवढ्या खोडावर फळ पोसण्याचा बोजा टाकला तर झाडाची वाढ खुंटते आणि पुढची अनेक वर्षे ते खुरटेच राहते. त्याच वेळी कलमजोडाखाली बोट फिरवून पाहावे. तेथून फुटलेला धुमारा खुंटाचा, म्हणजे रायवळाचा असतो. तो जोमाने वाढून वरची काडी मरते, आणि दहा वर्षांनी मालक तक्रार करतो की हापूस म्हणून घेतलेल्या झाडाला आंबट, रेषाळ आंबे लागले. रोपवाटिकेला दोष देण्यापूर्वी हा जोड तपासावा. पहिल्या तीन वर्षांत फळाची घाई करू नये हे सरकारी फळबाग योजनेलाही ठाऊक आहे: तीत अनुदान ५०, ३० आणि २० टक्के अशा तीन वर्षांच्या हप्त्यांनी मिळते, व त्यासाठी झाडे जगली आहेत की नाहीत एवढेच पाहतात. फळाचा दाखला कोणी मागत नाही, आणि दप्तराचा हा शहाणपणा मला मनापासून पटतो.

चौथ्या-पाचव्या वर्षी मोहर राखावा, तोही बेताने. येथे आंबाही थंडीचाच मिंधा ठरतो, केवळ त्याची मागणी माफक असते: पाऊस वेळेवर थांबावा, फांद्यांची पालवी जून व्हावी, आणि नोव्हेंबर-डिसेंबरात रात्री गार व कोरड्या असाव्यात. पाऊस ऑक्टोबर ओलांडून रेंगाळला तर त्याच शेंड्यांतून मोहराऐवजी पुन्हा पालवी येते, आणि मालक खताच्या पिशव्या वाढवत बसतो. मोहर आला तरी त्यातील बहुसंख्य फुले नर असतात. तुडतुडे आणि भुरी यांतून वाचलेल्या थोड्या कण्याच पुढे धरतात, आणि त्या पिकायला साडेतीन-चार महिने लागतात.

एकदा भरघोस फळ आल्यावर पुढल्या वर्षी झाड रिकामे राहिले तर कोणाची नजर लागली असे समजू नये. वर्षाआड फळणे हा हापूसचा स्वभावच आहे. ज्यांना हे सोसवत नाही त्यांच्यासाठी वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ ही दरवर्षी फळणारी जात १९८१ साली दिलेली आहे. तिची कलमे पावसाळ्याच्या तोंडी मिळतात, आणि पहिला मोहर खुडण्याचा नियम तिलाही लागू आहे.