ज्या दारांवर कोणी गेलेच नाही

(शेतकरी व मच्छीमार बांधवांच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



पेजेची वेळ टळून गेली आहे, रापणकार बांधव पहाटेपासून रापण ओढून दमले आहेत; म्हणून मी फार वेळ घेणार नाही. घरोघर जाऊन लोकांचे मत विचारणे आणि पाठिंबा मागणे, हे जे काम आपण सोपे समजतो, त्याविषयीच मला बोलायचे आहे.

१६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन होण्याची खूण फूल, संघप्रदेश म्हणून वेगळे राहण्याची खूण दोन पाने. फुलाला १,३८,१७० मते पडली, पानांना १,७२,१९१. आपण ३४,०२१ मतांनी हरलो. हा आकडा आपल्याला पाठ आहे. पण दुसऱ्या एका आकड्याकडे आपण कधी पाहिले आहे काय? मतदार होते ३,८८,४३२ आणि मतदान झाले ३,१७,६३३. म्हणजे ७०,७९९ माणसे आलीच नाहीत. आपण जितक्या मतांनी हरलो, त्याच्या दुपटीहूनही अधिक! ती सगळी आपलीच होती असे मी म्हणणार नाही, ते खोटे होईल. पण त्यांच्यापैकी किती जणांच्या सोप्यावर बसून कोणी विचारपूस केली होती? आणि ज्यांनी मत दिले, त्यांतल्या १७,०११ जणांनी पाने सोडून फूल घेतले असते, तरी निकाल फिरला असता. तेवढ्यासाठी मोठी सभा लागत नाही. चालणारे पाय आणि ऐकणारे कान लागतात.

विरोधकांना नुसती दूषणे देऊन काय साधणार? त्यांचे ‘राष्ट्रमत’ हे दैनिक मराठीच होते. उल्हास बुयांव यांची गाणी कोकणीत होती. घरात जी भाषा, तीतून त्यांचे म्हणणे घरात शिरले. आणि पाहा, त्याच गोव्याने मार्च १९६७ मध्ये भाऊसाहेब बांदोडकरांच्या पक्षालाच पुन्हा निवडून दिले! लोक भाऊसाहेबांवर रुसले नव्हते. या एका प्रश्नावर त्यांची शंका फिटली नव्हती, एवढाच त्याचा अर्थ.

दारावरचा ‘होय’ हा नेहमी होकार नसतो, हे कार्यकर्त्याने ध्यानात ठेवावे. भाटकाराच्या जमिनीवर झोपडी बांधून राहणाऱ्या मुंडकाराला संरक्षण देणारा कायदा आला १९७५ साली. त्याआधी डोक्यावरचे छप्पर दुसऱ्याच्या मर्जीवर असलेला माणूस दारी येणाऱ्या प्रत्येकाला ‘होय बाब’ म्हणणार नाही तर काय? आपण त्याचे नाव वहीत आपल्या बाजूला मांडून पुढे निघतो. अशा वहीवर विसंबणारा फसतो. म्हणून तीन घरे कमी करा, पण ज्या घरी जाल तिथे बसा. शेतकरी बांधावर असेल तर बांधावर जा. मच्छीमार जाळे सांधत असेल तर त्याच्याजवळ वाळूत बसा. घरची बाई चुलीकडून बोलली तर तिला गप्प करू नका. तिचेही एक मत आहे. तुळशीसमोर थांबता तसे खुरसासमोरही थांबा. ‘ते घर आपले नव्हे’ म्हणून जो पुढे जातो, तो ते घर स्वतःच्या हाताने दवडतो.

आता घरवाल्यांना सांगतो. दारी आलेल्याला पाणी द्या, पण प्रश्नही विचारा. तू कोणाकडून आलास? माझ्या कुळाच्या जमिनीचे, माझ्या होडीचे, माझ्या मुलाच्या नोकरीचे यातून काय होईल? आणि उद्या माझे गाऱ्हाणे घेऊन मी कोणाच्या दारी यायचे? या तिसऱ्या प्रश्नाला जो चाचरेल, त्याला ओळखून असा, मग तो आपल्या बाजूचा का असेना. तुमचे मत गुप्त आहे. ते दारावर सांगितलेच पाहिजे असे तुमच्यावर बंधन नाही.

कार्यकर्त्यांनो, ३० मे १९८७ रोजी गोवा वेगळे राज्य झाले, ही गोष्ट कोणापासून लपवू नका. विलीनीकरणाचा नवा कौल दाराशी उभा आहे, अशी थाप मारून सही घेऊ नका. आज आपल्या हाती मतपेटी नाही, फक्त शब्द आहे. तो खरा राहिला, तर ‘नाही’ म्हणणारा माणूसही पुढच्या खेपेला ‘या, बसा’ म्हणेल. १९६७ साली आपल्याला जे कमी पडले, ते हेच असावे असे मला वाटते.

जय महाराष्ट्र!