एका कपाटातल्या तीन फळ्या



वाचनालयातून एखादा गृहस्थ एका हातात रहस्यकथा, दुसऱ्या हातात परभाषेतील नाटकाचे भाषांतर आणि काखेत शास्त्रविषयक पुस्तक घेऊन बाहेर पडला, की पाहणारे दोन तऱ्हेने बोलतात. एक म्हणतो, "काय बहुश्रुत माणूस आहे!" दुसरा म्हणतो, "याच्या आवडीला काही शेंडाबुडखा दिसत नाही." मी त्या गृहस्थाच्याच जातीचा वाचक आहे. पहिल्या शेऱ्याने मी फुशारून जात नाही. परंतु दुसऱ्याला मात्र आज उत्तर द्यावे म्हणतो.

प्रथम सर्वांत बदनाम फळी घेऊ. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या 'झुंजार'ने आणि 'काळापहाड'ने महाराष्ट्रातील कित्येक पोरांना वाचनाचा नाद लावला. पण ही पुस्तके शाळेच्या पुस्तकात दडवून वाचायची, उजळ माथ्याने नव्हे, असाच आपल्याकडील शिरस्ता होता. या साऱ्या कथा सारख्याच तोलाच्या असतात असे कोणी म्हणणार नाही. परंतु या प्रकाराच्या मुळाशी जी वस्तू आहे, ती हलकी नव्हे.

या प्रकाराची आद्यकथा म्हणून जिचा मान आहे, ती एडगर ॲलन पो या अमेरिकन लेखकाने १८४१ साली लिहिली. पॅरिसमधील एका बंद घरात दोन बायकांचा खून होतो. जिन्यावरून धावत गेलेल्या लोकांनी आतून एक कर्कश आवाज ऐकलेला असतो. साक्षी होतात. फ्रेंच माणूस म्हणतो, आवाज इटालियनाचा होता. इंग्रज म्हणतो, जर्मनाचा. स्पॅनिश माणूस म्हणतो, इंग्रजाचा. इटालियन म्हणतो, रशियनाचा. गंमत अशी, की ज्याने त्याने आवाज त्याच भाषेच्या माथी मारला, जी त्याला स्वतःला येत नव्हती! आवाज मुळात माणसाचा तरी होता काय, हा प्रश्न एकाही साक्षीदाराला सुचला नाही. साक्षीदार खोटे बोलत नव्हते. त्यांनी ऐकले थोडे आणि उरलेले पदरचे घातले. ऐकलेले कोणते आणि पदरचे कोणते, हे निवडून वेगळे करणे, हीच चांगल्या रहस्यकथेची शिकवण आहे. मुलगा ती अर्ध्या तासात आणि आनंदाने शिकतो.

मात्र या फळीचा एक दोषही आहे. रहस्यकथेत गुन्हेगार हटकून असतो, तो शेवटच्या प्रकरणात सापडतो, आणि पुस्तक मिटताना मनात शंका उरत नाही. नुसत्या रहस्यकथाच वाचणाऱ्याला हळूहळू वाटू लागते, की जगातील प्रत्येक अनर्थामागे कोणी तरी दुष्ट असलाच पाहिजे, आणि तो आजच हाती लागला पाहिजे. ही समजूत किती घातक ठरते, हे पाहण्यासाठी दुसऱ्या फळीकडे वळावे लागते.

वाल्डेमार हाफकिन हे नाव मुंबईकरांना परळच्या संस्थेमुळे ठाऊक आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. हाफकिन यांनी त्यावर लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे ती लस देशभर जाऊ लागली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांपैकी एकाच बाटलीतून टोचलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सारे दगावले. एकोणीस घरे उजाड झाली. आता गुन्हेगार हवाच! ती बाटली मुंबईच्या प्रयोगशाळेतच दूषित झाली असावी असे सरकारी चौकशीत ठरले, आणि हाफकिन यांना प्रयोगशाळेच्या प्रमुखपदावरून दूर व्हावे लागले.

आता पुरावा पाहा. ती बाटली मुंबईत भरल्यानंतर कित्येक आठवड्यांनी गावी उघडली. धनुर्वाताचे जंतू तिच्यात इतके दिवस वाढत असते, तर उघडताक्षणी घाण वास सुटायला हवा होता. बाटलीचा वास घेऊन पाहिला होता. तसा वास आला नव्हता. उलट, बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो ज्योतीत धरून नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. तेव्हा दोष गावी आला, मुंबईत नव्हे. शर्यतीच्या घोड्यावरील एका कथेत शेरलॉक होम्स रात्री न भुंकलेल्या कुत्र्यावरून गुन्हेगार ओळखतो, हे वाचकांना आठवत असेल. ती कथा १८९२ची. येथे न आलेल्या वासाने एक निरपराध मनुष्य सोडवला. जे घडले नाही तेही साक्ष देते, हे कादंबरीकाराला आणि शास्त्रज्ञाला सारखेच ठाऊक होते. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या नामवंत शास्त्रज्ञांनी १९०७ साली लंडनच्या वृत्तपत्रातून हाफकिन यांची बाजू उघडपणे मांडली, तेव्हा कुठे त्यांच्यावरील किटाळ गेले. मध्ये पाच वर्षे गेली होती. १९२५ साली त्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले, ते पुष्कळच उशिरा.

चांगले शास्त्रीय पुस्तक नुसते 'काय सापडले' हे सांगून थांबत नाही. 'कशावरून' तेही सांगते. शिवाय येथे शेवटचे प्रकरण नसते. जयंत नारळीकर यांनी विश्वाच्या उत्पत्तीसंबंधी बहुमान्य असलेल्या महास्फोटाच्या सिद्धांतावर हयातभर आक्षेप घेतले, आणि मराठी वाचकांसाठी 'आकाशाशी जडले नाते'सारखा ग्रंथही लिहिला. बहुमताचे पारडे दुसरीकडे झुकले असतानाही पुरावा मागत राहता येते, आणि तसे करणारा शास्त्राचा शत्रू ठरत नाही, हे त्यांच्याकडून शिकावे. रहस्यकथेने लावलेल्या घाईच्या सवयीवर हा उतारा आहे.

मग तिसरी फळी कशाला? कारण पुरावा मिळाला म्हणजे माणूस शहाणा होतोच असे नाही. गोपाळ गणेश आगरकरांनी १८८३ साली 'हॅम्लेट'चे भाषांतर 'विकारविलसित' या नावाने प्रसिद्ध केले. बुद्धिवादाचा हा कैवारी नेमक्या याच नाटकाकडे वळला, याचे मला नवल वाटत नाही. हॅम्लेट हीदेखील एका खुनाची चौकशीच आहे. बापाचे भूत सांगते, की माझा खून भावाने केला. राजपुत्र ते लगेच खरे मानीत नाही. तो चुलत्यापुढे तशाच खुनाचे नाटक करवतो आणि त्याचा चेहरा न्याहाळतो. याला प्रयोगच म्हणायचे! प्रयोग सफळ होतो. पुरावा हाती येतो. आणि त्यानंतर लगोलग हाच चिकित्सक राजपुत्र पडद्यामागे हालचाल ऐकून, तेथे कोण आहे हे न पाहता, तलवार खुपसतो. मरतो तो पोलोनियस, भलताच माणूस. त्याची मुलगी वेडी होते, बुडून मरते, आणि पुढे सारे घराणेच लयाला जाते.

ही गोष्ट कोणतीही रहस्यकथा सांगत नाही, आणि कोणतेही शास्त्राचे पुस्तक सांगू शकत नाही. काल रात्रीपर्यंत पुरावा मागणारा माणूस आज रागाच्या भरात पडदा बाजूला सारण्याइतकाही थांबत नाही! आगरकरांनी मनोविकारांचे नाव नाटकाला दिले ते उगीच नव्हे. आणि डेन्मार्कच्या राजपुत्रात आपण आपल्याला ओळखतो, ते भाषांतरामुळे. परक्या भाषेतील आवाज ऐकून त्याच्यावर संशय घेणारे पॅरिसचे साक्षीदार आठवा. भाषांतर वाचणाऱ्याला निदान एवढे तरी कळते, की न समजणाऱ्या भाषेतही बोलणारा आपल्यासारखा माणूसच असतो.

म्हणून मी म्हणतो, या तिन्ही फळ्या एकाच कपाटाच्या आहेत. एकीचा दोष दुसरी झाकत नाही, दुरुस्त करते. आणि ही निव्वळ आवडीनिवडीची बाब राहिलेली नाही. आज प्रत्येकाच्या खिशातील फोनवर दिवसातून दहा वेळा कोणावर तरी आरोप येऊन पडतो, आणि आपण न्यायाधीशासारखे बोट उचलून तो पुढे धाडतो. मुलकोवालनंतर सत्य वर यायला पाच वर्षे लागली, आणि तीही नामवंत माणसे मदतीला धावली म्हणून. ज्याच्यासाठी कोणी धावणार नाही, त्याचे काय होत असेल? बोट उचलण्यापूर्वी वास घेऊन पाहणारा, पडदा सारून पाहणारा माणूस गावात असला, तर एखाद्याची अब्रू वाचेल, एखाद्या वेळी प्राणही वाचतील.

तेव्हा घरातील मुलगा रहस्यकथा वाचताना सापडला, तर ती हिसकावू नका. ती संपली की तिच्या शेजारी दुसऱ्या दोन फळ्यांवरचे एकेक पुस्तक ठेवा, म्हणजे झाले.